गुन्हेगार, परिस्थिती आणि वाचक

मराठी समीक्षेत ‘परिस्थिती’ हा शब्द फार सहजपणे वापरला जातो. कथेतील वा कादंबरीतील एखाद्या पात्राने चोरी केली, दरोडा घातला, कोणाचा जीव घेतला, की समीक्षक लिहून जातो : परिस्थितीने त्याला गुन्हेगार बनविले. हे विधान सहृदय आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. दारिद्र्य, उपासमार, गलिच्छ वस्ती, वाईट संगत, शिक्षणाचा अभाव ही गुन्ह्याची सर्वपरिचित कारणे होत. त्यांच्याकडे डोळेझाक करून केवळ व्यक्तीच्या दुष्टपणाला बोल लावणाऱ्या नीतिवाद्यापेक्षा असा समीक्षक केव्हाही बरा. तथापि या विधानाने साहित्यकृतीचा उलगडा होतो काय, हा प्रश्न निराळा आहे. परिस्थिती म्हणजे नेमके काय? ती कोणी निर्माण केली? तिच्यात वावरणाऱ्या माणसाला निवडीचा काही अवकाश उरतो की नाही? आणि ही सर्व हकीकत वाचणारा वाचक त्या परिस्थितीच्या बाहेर असतो, की तिचाच एक भाग असतो? हे प्रश्न विचारले नाहीत, तर जेथे विचाराला आरंभ व्हावयाचा तेथेच तो संपतो. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) या दोन कादंबऱ्या आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन, अशा तीन कृतींच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. परंतु त्याआधी थोडी पूर्वपीठिका पाहणे अवश्य आहे.

आपल्या प्राचीन नाट्यवाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध चोर म्हणजे ‘मृच्छकटिका’तील शर्विलक. तो ब्राह्मण आहे, विद्वान आहे आणि चौर्य हे शास्त्र असल्याप्रमाणे तो ते आचरतो. भिंतीला भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा तो विचार करतो, आणि मापाची दोरी विसरली म्हणून यज्ञोपवीताने माप घेतो. मदनिकेला दास्यातून सोडविण्यासाठी त्याला धन हवे आहे. त्याच्या कृत्यामागे दारिद्र्य आहे, प्रेम आहे आणि परक्याच्या चाकरीपेक्षा हा स्वतंत्र धंदा पत्करला, असा अभिमानही आहे. पण ज्या घरात तो शिरतो तो चारुदत्तही दरिद्रीच आहे. एकाच नगरीत, एकाच राजवटीत, एकाच दारिद्र्याचे दोन निरनिराळे परिणाम शूद्रकाने समोरासमोर ठेवले आहेत. शर्विलकाची परिस्थिती आपल्याला समजते, त्याचा गुन्हाही समजतो, परंतु एकापासून दुसरा अपरिहार्यपणे निपजला असे नाटककार कोठेही म्हणत नाही. पुढे हाच शर्विलक आपल्या मित्राला, आर्यकाला, सोडविण्यासाठी जातो आणि जुलमी राजसत्ता उलथविण्याच्या उठावात सामील होतो. चोरी ही त्याच्या आयुष्यातील एक घटना राहते, ती त्याची जात होत नाही.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात या विचाराला वेगळे वळण लागले. १८३५ साली बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने दाखवून दिले, की एखाद्या देशातील गुन्ह्यांची संख्या वर्षानुवर्षे आश्चर्यकारक रीतीने स्थिर राहते, म्हणून गुन्ह्याची कारणे समाजरचनेतच शोधली पाहिजेत. साहित्यसमीक्षेत तेन याने वंश, परिसर आणि काल ही त्रयी मांडली. ‘रुगों-माकार’ या नावाने परिचित असलेल्या आपल्या वीस कादंबऱ्यांच्या मालेत झोलाने एकाच कुटुंबाच्या पिढ्या घेऊन आनुवंशिकता आणि परिसर यांच्या कात्रीत सापडलेली माणसे रंगविली. १८७६ साली लोम्ब्रोझो याने ‘जन्मजात गुन्हेगारा’ची कल्पना शास्त्राच्या पदवीला चढविली. वंशाला महत्त्व देणारे आणि परिसराला महत्त्व देणारे हे दोन पक्ष एकमेकांशी भांडत असले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत होते : माणसाचे वर्तन ही एक बेरीज आहे आणि बेरजेतील आकडे ठाऊक असले, की उत्तर आधीच सांगता येते.

झोलाच्या या मालेतील पहिली कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ते साल १८७१. त्याच सालच्या ऑक्टोबरात गुन्हेगार जमातींचा कायदा संमत झाला. हा योगायोगच, परंतु दोहोंच्या मागे असलेली वैचारिक हवा एकच होती. त्या काळी व्हाइसरॉयच्या मंडळातील कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन होता. लेस्ली स्टीफन या सुप्रसिद्ध समीक्षकाचा तो थोरला बंधू आणि व्हर्जिनिया वुल्फचा चुलता. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांना हे घराणे एका कारणासाठी ठाऊक असते, आपल्याकडील काही जमातींच्या वाट्याला ते दुसऱ्याच कारणाने आले.

या कायद्याचे कार्य कसे चालत असे हे लक्षात घेतल्यावाचून पुढील साहित्यकृतींचा अर्थ लागणार नाही. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे गुन्हे करतो असे वाटले, की वरिष्ठांच्या मंजुरीने प्रांतिक सरकार त्याला अधिसूचनेद्वारे ‘गुन्हेगार’ जाहीर करी. या अधिसूचनेच्या सत्यासत्यतेची शहानिशा करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता. मग त्या जमातीतील माणसांची नोंदवही तयार होई. त्यांना हजेरी द्यावी लागे. ठरलेल्या हद्दीबाहेर जावयाचे तर परवाना घ्यावा लागे. पुढे त्यांच्यासाठी खास वसाहती निघाल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी ‘सेटलमेंट’ हा शब्दच बोलीत रूढ झाला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची सोय झाली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली मुंबई व मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करता येईल असा करण्यात आला. १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. मुंबई प्रांतात तो १९४९ साली आणि सर्व देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. ज्याला दररोज हजेरी द्यावी लागते त्याला दूरच्या गावी मजुरीला जाता येत नाही. ज्याचे नाव पोलिसांच्या वहीत आहे त्याला कोणी कामावर ठेवीत नाही. ज्या भटक्या व्यापाऱ्याला हद्द ओलांडावयाची बंदी झाली त्याचा व्यापार बुडतो. म्हणजे ‘ही माणसे चोरीवाचून जगू शकत नाहीत’ हा सिद्धांत प्रथम मांडला गेला आणि मग त्या सिद्धांताला साजेशी परिस्थिती शासनाने निर्माण केली. भौतिक आणि सामाजिक परिसराचा गुन्ह्यावर परिणाम होतो याचे याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही. परंतु हा परिसर पर्जन्य किंवा दुष्काळ यांच्यासारखा आपोआप आलेला नव्हता. तो लेखणीने तयार झाला होता आणि त्याच्यावर सही-शिक्के होते.

या लेखणीत साहित्यिकाच्याही लेखणीचा वाटा आहे. कायद्याच्या बत्तीस वर्षे आधी, १८३९ साली, मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि अफाट लोकप्रिय झाली. टेलर निजामाच्या सेवेत होता. माफीचा साक्षीदार झालेला अमीर अली हा ठग साहेबापुढे आपल्या शेकडो खुनांची कथा सांगतो, असा या कादंबरीचा घाट आहे. अमीर अली जन्माने ठग नाही, ही तिच्यातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट होय. त्याच्या आईबापांना ठगांनी ठार केले आणि त्यांच्यातीलच एकाने या पोराला मुलगा म्हणून वाढविले. पुढे त्याच्या हातून त्याच्या सख्ख्या बहिणीचा खून होतो, आणि ती आपली बहीण होती हे त्याला नंतर कळते. म्हणजे या कादंबरीच्या कथानकानेच वंशाचा सिद्धांत खोटा ठरविला आहे. ठग जन्मत नाही, तो घडविला जातो, असे ती सांगते. पण यावरून वाचकांनी काय घेतले? ठगांचा अभिमंत्रित गूळ ज्याने एकदा खाल्ला तो कायमचा ठग झाला, ही समजूत त्यांनी घेतली. परिसराचा सिद्धांत मान्य करूनही माणसाची सुटका झाली नाही. रक्ताच्या जागी गूळ आला, इतकेच. ‘परिस्थितीने घडविले’ हे विधान जेव्हा ‘परिस्थितीने कायमचे घडविले’ असे ऐकू येते, तेव्हा ते सहृदय राहत नाही, हा धडा या कादंबरीच्या भवितव्यातून घेण्यासारखा आहे.

‘फकिरा’ या पार्श्वभूमीवर वाचावी. वाटेगावच्या मांगवाड्यातील या वीराची कथा सांगताना अण्णा भाऊ साठे यांनी गुन्ह्याच्या कल्पनेलाच हात घातला आहे. फकिराचा बाप राणोजी दुसऱ्या गावची जोगणी पळवून आणतो. सरकारी भाषेत ही चोरी ठरेल, पण गावाच्या लेखी हा पराक्रम आहे, कारण त्यामुळे जत्रेचा मान आपल्या गावाला मिळणार आहे. या पराक्रमाला रूढीचे नियम आहेत, त्याची हद्दसुद्धा ठरलेली आहे, आणि राणोजीचा घात होतो तो ही हद्द मोडून होतो. म्हणजे कादंबरीच्या आरंभीच दोन कायदे समोर येतात. गावकीचा कायदा माणसाला ओळखतो, त्याच्या शौर्याची कदर करतो, आणि तरीही त्याला मांगवाड्यातच ठेवतो. सरकारचा कायदा माणसाला ओळखत नाही, त्याला फक्त वहीतील नाव ठाऊक असते. पुढे दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि फकिरा धान्य लुटून आणतो. मग हजेरी येते, खजिन्याची लूट होते आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन होतो.

दुष्काळ, उपासमार आणि हजेरी या तिन्ही गोष्टी ‘परिस्थिती’ या एका शब्दात कोंबल्या, तर कादंबरीचा कणाच मोडतो. दुष्काळाला उत्तर म्हणून फकिरा धान्य लुटतो. हजेरीला उत्तर म्हणून तो राज्यसत्तेशी वैर धरतो. पहिल्या कृत्यात भूक आहे, दुसऱ्यात मान आहे. भुकेने माणूस चोरी करतो हे सांगावयाला कादंबरी लागत नाही. हजेरीच्या अपमानाने एखादा चांगला माणूस बंडखोर होतो, आणि तोच माणूस आपल्यांसाठी शरणही जातो, हे दाखवावयाला कादंबरीच लागते. फकिराच्या प्रत्येक वळणावर निर्णय आहे. परिस्थिती त्याच्यापुढे प्रश्न टाकते, उत्तर मात्र त्याचे स्वतःचे असते. या कादंबरीत दोष नाहीत असे नाही. नायकाचे उदात्तीकरण इतके झाले आहे, की त्याच्या हातून क्षुद्र असे काही घडूच शकत नाही. तो लुटतो ते सर्वांसाठी, म्हणून त्याला क्षमा करणे वाचकाला सोपे जाते. जो स्वतःच्या पोटासाठी, भित्रेपणाने, गर्दीत दुसऱ्याचा खिसा कापतो त्याचे काय, हा प्रश्न ‘फकिरा’च्या कक्षेबाहेर राहतो.

‘चक्र’ हा प्रश्न शहरात नेते. मुंबईच्या झोपडपट्टीचे इतके निकटचे चित्रण मराठी कादंबरीत पूर्वी क्वचितच झाले होते. अम्मा, तिचा वाढत्या वयाचा मुलगा बेनवा, आणि ज्याच्यासारखे आपण व्हावे असे त्या मुलाला वाटते तो वस्तीतला दादा, या माणसांच्या आयुष्यात खासगी असे काही उरलेले नाही. एकाचे दुःख, एकाची वासना, एकाचे आजारपण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. जागा अपुरी असणे म्हणजे काय, आणि त्या अपुरेपणाने माणसाच्या लाजेचा, रागाचा, प्रेमाचा आकार कसा बदलतो, हे दळवी यांनी कोणताही गहिवर न आणता दाखविले आहे. भौतिक परिसराचे वर्तनावर होणारे संस्कार पाहावयाचे असतील तर ही कादंबरी वाचावी. बेनवाला कोणी गुन्ह्याची दीक्षा देत नाही. मोठे होण्याचा जो एकच नमुना त्याच्या नजरेसमोर आहे, त्याच्याकडे तो आपसूक वळतो.

‘चक्र’ वाचताना शिकागो शहरातील दोन अभ्यासकांची आठवण होते. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले, की शहराच्या काही विशिष्ट, कारखान्यांलगतच्या, मोडकळीस आलेल्या वस्त्यांत बालगुन्हेगारीचे प्रमाण दशकानुदशके चढेच राहिले, आणि तेही त्या वस्त्यांतील लोक वारंवार बदलत असताना. एका देशातून आलेले लोक परिस्थिती सुधारली की निघून जात, दुसऱ्या देशातील लोक त्यांच्या जागी येत. बाहेर पडलेल्यांची मुले गुन्ह्यापासून दूर होत आणि नव्याने आलेल्यांची मुले त्यात ओढली जात. वंशाच्या सिद्धांताला याहून समर्पक उत्तर मिळाले नसेल. १८७१ च्या कायद्याने जे माणसांच्या रक्तात पाहिले ते शॉ आणि मॅके यांना रस्त्यांच्या नकाशात सापडले.

परंतु नकाशालाही मर्यादा असते. त्या वस्त्या तशा का राहिल्या, त्यांची दुरुस्ती कोणी केली नाही, त्यांच्या भाड्यावर कोण जगत होते, हे नकाशा सांगत नाही. ‘चक्र’चीही हीच मर्यादा आहे. लेखकाचे सारे लक्ष झोपडपट्टीच्या आत आहे. ज्या शहराला या माणसांचे श्रम हवे आहेत आणि त्यांचे राहणे नको आहे, ते शहर कादंबरीच्या कडेला धूसर राहते. कादंबरीचे शीर्षकच फिरत राहण्याचे, सुटका नसल्याचे सूचन करते. चक्र फिरते हे खरे, पण ते कोण फिरवितो हा प्रश्न वाचकाच्या मनात उठण्याआधीच त्या प्रतिमेने मिटून जातो. शीर्षकाच्या या प्रभावाखाली वाचले, की बेनवा म्हणजे एक उदाहरण होऊन बसतो. दळवी यांच्या कादंबरीतील बेनवा मात्र उदाहरणापेक्षा अधिक जिवंत आहे, आणि समीक्षेने शीर्षकापेक्षा त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावयास हवा.

‘उचल्या’पाशी आल्यावर या सर्व प्रश्नांची मांडणीच बदलते, कारण येथे ज्याच्याविषयी बोलले जात होते तोच बोलू लागतो. ज्या लातूर जिल्ह्यात लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म झाला तो मुलूख निजामाच्या राज्यातला. १९८२ साली ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील नळदुर्ग येथे १८५३ नंतरच्या काही वर्षांत मेडोज टेलर अधिकारी म्हणून कारभार पाहत होता. म्हणजे ‘ठगाची कबुली’ लिहिणारा आणि ‘उचल्या’ लिहिणारा हे जवळजवळ एकाच भूमीवर उभे आहेत, मात्र मेजाच्या दोन विरुद्ध बाजूंना.

या पुस्तकात परिस्थितीचे कारक घटक अगदी स्पष्टपणे मोजता येतात. आजोबांची हजेरी आहे. पोलिसांची झडती, मारहाण आणि चोरीच्या मालातील त्यांचा वाटाही आहे. मुलांना चोरीचे शिक्षण देताना त्यांना मुद्दाम मारले जाते, कारण पुढे पोलिसांचा मार खाऊनही त्यांनी साथीदारांची नावे सांगू नयेत. म्हणजे घरातले क्रौर्य ही ठाण्यातील क्रौर्याची पूर्वतयारी आहे. आणि याच घरातील एक मुलगा शाळेत जाऊ लागतो, तेव्हा वस्तीत रोगराई पसरते आणि शाळेमुळेच हे संकट आले असे जमातीला वाटते. या प्रसंगाचे वर्णन गायकवाड यांनी शिकलेल्या माणसाच्या उपहासाने केलेले नाही. ज्या समाजाला बाहेरच्या जगाकडून आजवर केवळ छडी मिळाली, त्याने त्या जगाच्या शाळेविषयी संशय धरावा यात अस्वाभाविक काय आहे, हे वाचकाला न सांगता उमगते. पुढे सूतगिरणीतील नोकरी येते, कामगार चळवळ येते, आणि प्रत्येक ठिकाणी ‘उचल्या’ हे नाव त्यांच्याआधी पोहोचलेले असते.

या नावाचा विचार भाषांतरकाराला करावाच लागतो, आणि तो करताना समीक्षेच्याही हाती काही लागते. ‘उचलणे’ या क्रियापदापासून झालेला हा शब्द मराठी वाचकाला चोर असाच ऐकू येतो. या समाजगटाला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी नावे आहेत. त्यांपैकी ‘टकारी’ हे नाव जात्याला टाकी लावण्याच्या धंद्यावरून आले; ‘भामटा’ हे नाव मात्र मराठीत लुच्च्या माणसाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. एकाच समाजाचे एक नाव श्रमाचे आणि दुसरे गुन्ह्याचे; भाषेने यांपैकी कोणते जिवंत ठेवले ते सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही ‘भामटा’ या नोंदीत उचले, टकारी, पाथरुट यांच्या जोडीला ‘घंटीचोर’ हे नाव छापलेले आढळते. शाळेत सवलत मागण्यासाठी मुलाने जो दाखला पुढे करावयाचा, त्याच दाखल्यावर त्याला चोर म्हटलेले असते. सामाजिक परिसर या शब्दात आपण घर, वस्ती, शाळा, पोलीस यांचा समावेश करतो. त्यात भाषेचाही समावेश केला पाहिजे. हवा जशी श्वासाबरोबर आत जाते तसे हे नाव बालपणीच आत जाते.

‘उचल्या’चे इंग्रजी भाषांतर साहित्य अकादेमीने १९९८ साली ‘द ब्रँडेड’ या नावाने प्रसिद्ध केले. या शीर्षकाचा अर्थ ‘डागलेला’. मराठी शीर्षक माणसाच्या तथाकथित कृत्याचे नाव घेते, तर इंग्रजी शीर्षक त्या माणसाला इतरांनी काय केले त्याचे नाव घेते. इंग्रजी शीर्षक अर्थाच्या दृष्टीने न्याय्य आहे, पुस्तकाचे तात्पर्यच त्याने सांगून टाकले आहे. परंतु तात्पर्य आधीच मिळाल्यामुळे इंग्रजी वाचक एका अनुभवाला मुकतो. मराठी वाचक ‘उचल्या’ हा शब्द प्रथम आपल्या भाषेतील रूढ अर्थाने वाचतो, म्हणजे मुखपृष्ठ पाहताक्षणीच तो लेखकाला चोर म्हणतो. दोनशे पाने वाचून झाल्यावर त्याला कळते, की डाग देणाऱ्यांत आपणही होतो. भाषांतरात हा घाव निसटतो. तो कसा राखावा याचे सर्वमान्य उत्तर नाही. पण मूळ शब्द तसाच ठेवून त्याचा अर्थ पुस्तकालाच हळूहळू उलगडू द्यावा, याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे.

येथे वाचकाच्या स्थानाचा प्रश्न येतो. १९३० साली शॉ याने ‘द जॅक-रोलर’ हे एका बालगुन्हेगाराचे आत्मकथन प्रसिद्ध केले. मुलाची कथा त्याच्याच शब्दांत, आणि तिच्या भोवती अभ्यासकाचे विवरण, अशी त्याची रचना आहे. तेथे मुलाचा आवाज पुराव्यासाठी उपयोगात आणला आहे. टेलरच्या कादंबरीत अमीर अली साहेबापुढे बोलतो, तेथे आवाज कबुलीसाठी उपयोगात आणला आहे. आपल्याकडे १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि पुढे ‘उचल्या’ प्रसिद्ध झाले, दोन्ही कृतींना साहित्य अकादेमीचे पुरस्कारही मिळाले, तेव्हा त्यांच्या स्वागतात ‘दाहक वास्तव’, ‘अज्ञात जगाचे दर्शन’, ‘समाजशास्त्रीय दस्तऐवज’ यांसारखे शब्दप्रयोग विपुल होते. या शब्दांमागील सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु दस्तऐवज म्हणून वाचणे आणि जबानी म्हणून वाचणे यांत अंतर फारसे नाही. दोन्ही प्रसंगी वाचक साहेबाच्या खुर्चीत बसलेला असतो, कळवळून ऐकतो आणि शेवटी निकाल देतो : बिचारा, परिस्थितीने असा केला. या निकालात शिक्षा नाही, पण लेखकाच्या कर्तृत्वालाही जागा नाही. ज्याने वस्तीच्या समजुतीविरुद्ध शाळा धरली, गिरणीत माणसे संघटित केली, आणि अखेर आपल्याच जमातीच्या नावाचे पुस्तक लिहिले, त्याच्या आयुष्याचे स्पष्टीकरण ‘परिस्थिती’ या शब्दाने होत नाही. त्याच परिस्थितीत त्याचे भाईबंदही होते.

यावर असा आक्षेप येईल, की व्यक्तीच्या निवडीवर भर देणे म्हणजे पुन्हा जुन्या नीतिवाद्याच्या पंगतीत जाऊन बसणे. एकाने शाळा धरली तर बाकीच्यांनी का धरली नाही, असे विचारून सर्व दोष गरिबांच्या माथी मारणे. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे, की निवड मान्य करणे आणि निवडीचा अवकाश सर्वांना सारखा होता असे मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘उचल्या’मध्ये हा अवकाश केवढा अरुंद आहे हे पानोपानी दिसते. तो अवकाश कोणी अरुंद केला त्यांची नावेही तेथे आहेत : वही ठेवणारा जमादार, मजुरीला न घेणारा शेतकरी, वाटा घेणारा पोलीस, नावावरून ओळखणारा सहकारी. नीतिवादी ही नावे घेत नाही, म्हणून त्याचा न्याय खोटा. नियतिवादीही ती घेत नाही. तो या सगळ्यांना मिळून ‘परिस्थिती’ म्हणतो आणि त्यांची जबाबदारी त्या एका भाववाचक नामात विरून जाते. साहित्य मात्र नावे घेते, आणि गुन्हा करणाऱ्याचेही नाव त्यातून वगळत नाही. गायकवाड यांनी आपल्या माणसांच्या चोऱ्या, आपापसांतील मारहाण, स्त्रियांवरील अन्याय लपविलेले नाहीत. आपल्या माणसांना निर्दोष ठरविण्याची घाई त्यांना नाही, यातच त्या माणसांचा सन्मान आहे.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. हिंदीत रांगेय राघव यांची ‘कब तक पुकारूँ’ (१९५७) करनटांच्या जीवनावर आणि मैत्रेयी पुष्पा यांची ‘अल्मा कबूतरी’ (२०००) बुंदेलखंडातील कबुतरा जमातीच्या जीवनावर आहे. १९९८ साली पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेता देवी यांनी ते प्रकरण धसास लावले आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्यावर ‘बुधन’ हे नाटक उभे केले. छारा आणि शबर यांच्या भाषा निराळ्या, प्रांत निराळे. त्यांना जोडणारे होते ते १८७१ साली आरंभ झालेल्या नोंदवहीचे नाते. या सर्व कृतींचा तौलनिक अभ्यास अजून व्हावयाचा आहे. तो करताना प्रत्येक कृतीला एकच प्रश्न विचारता येईल : येथे परिसर हा चेहरा नसलेल्या शक्तीसारखा वावरतो, की तो घडविणारे हात दिसतात?

गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यानंतर निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि जुन्या वहीची सवय त्यांतून टिकून राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरविली, तेव्हा विमुक्त जमातींना जन्माने सराईत मानणाऱ्या तरतुदींचाही विचार न्यायालयाला करावा लागला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द काढण्याचे काम न्यायालये आपल्या गतीने करतील. साहित्याच्या आणि समीक्षेच्या भाषेतील शब्दांकडे पाहणे हे आपले काम आहे. विमुक्त लेखकाचे पुढचे पुस्तक हाती येईल तेव्हा त्यातील भूक, मार आणि हजेरी यांची नोंद समीक्षकाने अवश्य करावी. पण त्याच्या वाक्यांची ठेवण, त्याचा विनोद, प्रसंग कोठे थांबवावा याविषयीची त्याची जाण यांचीही दखल त्याने तितक्याच काळजीने घ्यावी. ज्यांच्याविषयी आजवर फक्त हकीकती लिहिल्या गेल्या, त्यांना लेखक म्हणून वाचावयास आपण अजून पुरते शिकलेलो नाही.